आजारी माणूस कुठाय?

"काका, मशरूमनं देव दिसतो का?"

विठ्ठलवाडी स्टेशनच्या पुलावर, संध्याकाळच्या गर्दीत, आमच्या चाळीतल्या पोरानं मला विचारलं. वय चोवीस. सकाळी सातची लोकल, रात्री नऊला घर. घरी आई आणि आजोबा. विचारताना तो हसत नव्हता, म्हणून मीही हसलो नाही.

त्यानं फोन पुढे केला. डोंगर, धुकं, पद्मासनात बसलेली पाठमोरी मुलगी. शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ, तीन रात्रींचं शिबिर. 'ऋषींचा सोमरस.' 'मेक्सिकोची प्राचीन परंपरा.' 'अहंकाराचा अंत.' खाली बारीक टायपात शुल्क, अठरा हजार.

पोराचा पगार बावीस हजार आहे.

'नाही' म्हणून एका शब्दात विषय मिटवता आला असता. पण ते अर्धं खोटं झालं असतं. या अळंबीत सायलोसायबिन असतं, शरीरात त्याचं सायलोसिन होतं आणि ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या जागा पकडतं. चार-सहा तास माणसाचा 'मी' विरघळतो. रडू येतं, आनंद होतो, सगळं एक आहे असं वाटतं. हे वाटणं खरं असतं. त्याचं पुढे काय करायचं, एवढंच कुणी सांगत नाही.

२००६ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांच्या गटानं ३६ निरोगी माणसांवर प्रयोग केला. दोन तृतीयांश लोकांनी हा अनुभव आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांत धरला. हा आकडा जाहिरातीत असतो. त्याच प्रयोगात जवळपास तिघांतल्या एकाला तीव्र भीतीनं घेरलं होतं.

तो आकडा जाहिरातीत का नसतो?

ही लपवाछपवी जुनी आहे. २० एप्रिल १९६२, गुड फ्रायडे. बोस्टनमध्ये मार्श चॅपलच्या तळघरात धर्मशास्त्राचे वीस विद्यार्थी बसवले. दहांना सायलोसायबिन, दहांना साधं औषध. प्रयोग गाजला, 'गोळीनं ईश्वरानुभव येतो' असा डांगोरा पिटला गेला. त्या दहांतला एक जण मसीहा येतोय हे जगाला सांगायला रस्त्यावर पळाला होता. त्याला धरून आणून इंजेक्शननं शांत करावं लागलं. हे बाहेर यायला १९९१ उजाडलं. तोवर एका पिढीनं फक्त अर्धी गोष्ट ऐकली होती.

आता जाहिरातीतला सोमरस घेऊ.

सोम म्हणजे नेमकी कुठली वनस्पती, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. १९६८ साली गॉर्डन वॉसन या अमेरिकन माणसानं पुस्तक लिहून मांडलं की सोम म्हणजे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अळंबी. ही अळंबी बर्च आणि पाइनच्या मुळांशी उगवते, आणि तिच्यात सायलोसायबिन नसतंच. म्हणजे वॉसन बरोबर असले तरी शिबिरातली अळंबी सोम ठरत नाही. चूक असले तर मुळीच नाही.

आणि सोम म्हणून दिलेला रस चाखलेला एक गृहस्थ आपल्या पुण्यात होऊन गेला. मार्टिन हाउग, जर्मन पंडित, पूना कॉलेजात संस्कृतचे प्रमुख. श्रौतविधी जाणणाऱ्या ब्राह्मणाकडून त्यांनी विधी करून घेतला, रस काढवला, प्यायला. १८६३ च्या आपल्या ऐतरेय ब्राह्मणाच्या आवृत्तीत त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की चव कडू-तुरट, थोडी नशा येते, पण चार-दोन चमच्यांपलीकडे घशाखाली उतरत नाही. देव भेटल्याची नोंद त्यांनी केलेली नाही.

मग मेक्सिको. इथे मात्र घाई करून चालणार नाही.

ओआहाका प्रांतात हुआउत्ला नावाचं डोंगरी गाव आहे, माझातेक लोकांचं. तिथे मारिया साबिना नावाची बाई रात्री अळंबी खाऊन जागायची. या अळंबीला तिच्याकडे पवित्र लेकरं म्हणत. आणि ती जागायची कशासाठी? गावातलं कुणी तरी आजारी असायचं म्हणून. रोगी समोर, घरचे भोवती, अंधार, आणि पहाटेपर्यंत तिचं गाणं. आजार कुठून आला आणि माणूस उठेल का, हे ती लेकरांना विचारायची.

स्वतःला देव भेटावा म्हणून ती अळंबी खात नव्हती. तिच्या भाषेत असा प्रश्नच नव्हता.

२९ जून १९५५ च्या रात्री हेच वॉसन तिच्याकडे पोचले. पेशानं जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष. त्यांच्याबरोबर रोगी नव्हता. रोग्याशिवाय जागरण होत नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं की मुलाची काळजी लागून राहिलीय, तो कुठे आहे, कसा आहे कळत नाही. ही थाप होती. पुढे त्यांनीच कबूल केलं. पाश्चात्त्य जगाची या अळंबीशी ओळख झाली ती खोटं दुखणं सांगून.

१३ मे १९५७ च्या 'लाइफ' साप्ताहिकात त्यांचा सचित्र लेख आला. बाईचं नाव बदललं होतं, तरी लोकांनी तिला हुडकून काढलं. साठच्या दशकात गावात परदेशी पोरांची रीघ लागली. मागोमाग पोलीस आले. गाव तिच्यावर उलटलं, तिचं घर जाळलं गेलं. म्हातारपणी तिनं सांगितलं की हे लोक येण्याआधी केवळ देव शोधायला कुणी अळंबी खात नसे, आजारी बरा व्हावा म्हणून खात. आणि हे लोक आल्यापासून लेकरांतली ताकद गेली. १९८५ मध्ये ती गरिबीतच वारली.

'प्राचीन परंपरा' म्हणून जाहिरातीत छापतात, ती ही. तिचं घर जळाल्याचं मात्र कुठल्या जाहिरातीत वाचलंय का तुम्ही?

हणजूणच्या किनाऱ्यावरच्या जुन्या गोंयकारांना हे सांगावं लागणार नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस मुक्ती शोधत पोरं आली. मागून माल आला, मालामागून दलाल आले. पोरं मायदेशी परतली. दलाल तिथेच राहिले.

आणखी एक तारीख. अळंबीतून सायलोसायबिन वेगळं काढलं ते स्विस रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी, १९५८ मध्ये. १९६२ मध्ये ते त्याच्या गोळ्या घेऊन साबिनाबाईंकडे गेले. बाईंनी गोळ्या घेतल्या आणि सांगितलं, ताकद तीच आहे. झालं! जगानं ठरवून टाकलं की देव आता गोळीत मावतो.

त्याला ठाम उत्तर कुठून गेलं? आपल्या नगरहून.

मेहेरबाबा. मूळ नाव मेरवान शेरियार इराणी, १८९४ मध्ये पुण्यात जन्मलेले. १० जुलै १९२५ पासून मौनात. आधी अक्षरफळीवर बोट ठेवून बोलत, पुढे नुसत्या खुणांनी. अहमदनगरजवळच्या मेहेराझादला त्यांचा मुक्काम. त्या काळात अमेरिकेत एलएसडीची लाट उसळली होती आणि हार्वर्डच्या वर्तुळातली शिकलीसवरलेली माणसं त्यांना पत्रं धाडून विचारत होती की बाबा, हाही एक मार्ग नाही का? १९६५ मध्ये रॉबर्ट ड्रेफस नावाचा एक अमेरिकन विद्यार्थी मिळेल ते वाहन पकडत थेट त्यांच्या दारात उभा राहिला.

तसंच एक पोर, तोच प्रश्न. फरक इतकाच की तो हजारो मैल तुडवून आला होता आणि आमच्या पोरानं तो पुलावर विचारला.

बाबांनी त्याला झिडकारलं नाही. जवळ बसवून घेतलं आणि खुणांनी सांगितलं की परत जा, ज्यांना ज्यांना हे व्यसन आहे त्यांना सांग की हे शरीराला, मनाला आणि साधनेलाही घातक आहे. १९६६ मध्ये 'गॉड इन अ पिल?' ही छोटी पुस्तिका निघाली. रोख सरळ होता. पदार्थानं येणारा अनुभव ही सावली आहे, आणि सावलीमागे धावणाऱ्याचं तोंड उजेडाकडे नसतं. जो गोळीनं हाती लागतो तो देव कसला?

पण त्यांनी एक दार उघडं ठेवलं होतं, आणि त्याची आठवण कुणी काढत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जुनाट दारुडा किंवा गंभीर मनोरुग्ण यांच्यासाठी औषध म्हणून उपयोग होत असेल, तर तो वेगळा, असं त्यांनी म्हटलं होतं.

साबिनाबाईंची रात्र इथे पुन्हा डोळ्यांपुढे आणा. तिथेही आजारी माणूस होता.

आजही जगात जिथे सायलोसायबिनचं काम नेटानं चाललंय तिथे आजारी माणूस आहे. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२३ पासून मोजक्या मनोविकारतज्ज्ञांना परवानगी दिली, तीही कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अशाच नैराश्याचे २३३ रुग्ण होते. एक डोस, शेजारी प्रशिक्षित माणूस, आधी तयारी, नंतर बोलणं. आणि दारातच चाळणी असते. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया असेल, तर प्रवेश नाही.

पोराच्या शिबिराचा फॉर्म मी पाहिला. दोनच प्रश्न होते. टी-शर्टचा साइज, आणि पैसे कसे भरणार.

मेक्सिकोत रोगी आहे, ऑस्ट्रेलियात रोगी आहे. शिबिरात फक्त गिऱ्हाईक आहे.

काही शिबिरवाले आता पतंजलींना साक्षीला उभं करतात. योगसूत्रांच्या कैवल्यपादाच्या सुरुवातीला सिद्धीची पाच कारणं सांगितलीत, त्यात जन्म, मंत्र, तप, समाधी यांच्याबरोबर औषधीही आहे. बरोबर आहे, आहे. पण त्याआधीच्याच पादात हेच पतंजली सांगून बसलेत की या सिद्धी समाधीच्या वाटेतला अडथळा आहेत. पुढचं पान वाचायचं आणि मागचं फाडायचं, याला अभ्यास म्हणत नाहीत.

आता कायदा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत सायलोसायबिन आहे. दोन ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, पन्नास ग्रॅमच्या पुढे व्यापारी प्रमाण. व्यापारी प्रमाणाला किमान शिक्षा दहा वर्षं. जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं एका जामीन अर्जावर म्हटलं की अळंबी म्हणजे मिश्रण नव्हे, तिचं सगळं वजन अमली पदार्थ म्हणून मोजता येणार नाही. तेवढ्यावर 'आता कायदेशीर झालंय' अशी हूल उठली. अरे, ती जामिनाची ऑर्डर आहे! अळंबीत किती सायलोसायबिन निघालं याचा अहवाल येईपर्यंत आधारवाडीच्या कोठडीत कोण बसणार? शिबिरवाला बसणार नाही.

आणि जिवाचं काय?

पावसाळ्यात आमच्या स्टेशनबाहेर आदिवासी मावशी रानभाज्या घेऊन बसतात. श्रावणाच्या आसपास एखाददिवस पानावर अळंबी असते. पांढरट, देठाला ओली माती, वर सागाचं पान झाकलेलं. मागे मी एका मावशींना विचारलं होतं, विषारी कोणती ते कसं कळतं? त्यांनी एक छत्री उलटी केली, खालच्या पाकळ्यांवरून अंगठा फिरवला, नाकाशी नेली, आणि म्हणाल्या, "आईनं दावलेल्या जागेवरचीच काढायची. नव्या जागेची नाय."

"नव्या जागेवर तशीच दिसली तर?"

"तशीच दिसते म्हनून तर नाय."

या एका वाक्यात जे शहाणपण आहे ते त्या अठरा हजारांच्या पॅकेजात नाही. हुबेहूब दिसणाऱ्या विषारी अळंब्या असतात. त्यातल्या काही खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब. मग जरा बरं वाटतं, माणूस म्हणतो, सुटलो. आणि तेवढ्यात आत यकृत जात असतं. फोनवर मागवलेल्या पाकिटातली वाळकी, चुरा झालेली अळंबी कुणाच्या आईनं दाखवलेल्या जागेवरची असते?

पण एवढं सगळं सांगून पोराच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही, हे मला कळतं. त्याला नशा नकोय. नशाच हवी असती तर त्यानं मला विचारलं नसतं, कोपऱ्यावर सगळं मिळतं. त्याला आतून रितं वाटतंय. लोकलच्या दारात लटकून जायचं, साहेबाच्या शिव्या खायच्या, परत लटकून यायचं, आणि रात्री छताकडे बघत पडायचं. 'याच्यापलीकडे काही आहे का?' हा प्रश्न चोवीसाव्या वर्षी पडणं हा आजार नव्हे. तो न पडणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

आपण मोठी माणसं या प्रश्नाला काय उत्तर देतो? 'लग्न कर, सुटेल.' मग पोरं जाहिरातीकडे वळली तर दोष कुणाचा?

म्हणून मी त्याला पत्ते दिले. विठ्ठलवाडीहून कल्याण, कल्याणहून नाशिककडची गाडी, इगतपुरी. धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं चालू आहेत. दहा दिवस, पहाटे चारला घंटा, फोन जमा, मौन. शुल्क नाही, मागाहून वाटलं तर दान. अर्जात मानसिक आजाराचं विचारतात, नशेचंही विचारतात, कारण दहा दिवस गप्प बसणंही प्रत्येकाला झेपत नाही. आत भीती उसळली तर ती उसळू दे, पण ती तुझी स्वतःची असेल, कुणी पाकिटातून घातलेली नसेल. तिथे जमत नसेल, नुसतं बोलावंसं वाटत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. रात्री दोनला लाव. मराठीत बोलता येतं. पैसे पडत नाहीत.

आणि ज्या स्टेशनवर आपण उभे आहोत त्याच्या नावातच कोण आहे, ते बघ.

शहाडच्या बिर्ला मंदिरात आषाढीला पंढरपूरला जाऊ न शकलेल्यांची पहाटेपासून रांग लागते. ज्यांना जाता येतं ते तीन आठवडे चालतात. पावसात, चिखलात, फोड आलेल्या पायांनी. वारीत 'मी' विरघळतो की नाही, ते एकदा रिंगणात उभं राहून बघ. डोळ्यांतून पाणी येतं, अंगावर काटा येतो, आपलं नाव आठवत नाही. माळकरी दारूला शिवत नाही, तरी त्याला हे होतं. आणि ते झाल्यावर तो काय करतो? शेजारच्या अनोळखी माणसाच्या पाया पडतो. तोही उलट याच्या पाया पडतो. दोघं एकमेकांना माऊली म्हणतात आणि भाकरी बांधलेलं फडकं सोडतात.

साबिनाबाई, नगरचे मौनी बाबा, रिंगणातला वारकरी. तिघांची भाषा वेगळी, गाव वेगळं, देव वेगळा. तिघांच्याही समोर दुसरा माणूस आहे. जाहिरातीत धुकं आहे, डोंगर आहे, पाठमोरी मुलगी आहे. दुसरा माणूस कुठेच नाही.

पोर ऐकत होतं. शेवटी म्हणालं, "काका, पण बुकिंग केलंय. चार हजार भरलेत. शुक्रवारी निघायचंय."

मी विचारलं, "शनिवारी आजोबांना डायलिसिसला कोण नेतं?"

"आई."

"आणि बुधवारी?"

"आईच."

खालून बदलापूर गाडी धडधडत गेली. पूल हलला. तो बराच वेळ रुळांकडे बघत होता.

बाळा, चार हजार गेले तर जाऊ देत. शनिवारी तुला सुट्टी असते. सकाळी सहाला रिक्षा सांगून ठेव, आईला झोपू दे, आणि मागच्या सीटवर आजोबांचा हात धरून तू बस. चार तास मशीन चालतं. तेवढे चार तास त्यांच्यापाशी बस.